लंडनचं जुनं वीजघर, त्यातली कला आणि आपल्याकडची बंद कापसाची जिनं

खडूफळा (धागालेखक)

मुलगी लंडनला नोकरीला आहे, म्हणून २०२४ च्या सुरुवातीला तिकडे जाणं झालं. प्रवासवर्णन लिहीत नाही. राजवाडा, पूल, मेणाचे पुतळे यांवर इथं ढिगानं धागे पडलेत. टेट मॉडर्न हे कलादालन मात्र त्या धाग्यांत 'मग टेटला चक्कर मारली, काही कळलं नाही, कॉफी बरी होती' एवढ्यात उरकलेलं असतं. मला नेमकं त्यावरच लिहायचंय. हिंगणघाट तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी उमर गेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवायची, स्थिरचित्रासाठी घरून तांब्या न् वांगी न्यायची, एवढाच माझा कलेशी संबंध. त्या हिशेबानं वाचा.

ही इमारत मुळात वीजघर. नाव बँकसाइड. आराखडा जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचा. लंडनचं ते लाल टेलिफोनचं खोकं असतं ना, ते यानंच काढलेलं. महायुद्ध संपल्यावर १९४७ ते १९६३ अशा दोन टप्प्यांत बांधकाम झालं. तेलावर चालायचं. तेल महागलं आणि १९८१ मध्ये भट्ट्या थंड झाल्या. मग बरीच वर्षं तो ४२ लाख विटांचा डोंगर नदीकाठी नुसता पडून. पाडायचं चाललं होतं, पण शेवटी टेट या जुन्या कलासंस्थेनं जागा घेतली आणि २००० साली दालन उघडलं. हर्झोग आणि द म्यूरों ही स्विस वास्तुकारांची जोडी. त्यांच्या हुशारीला मी मानलं ते यासाठी, की हाताशी एवढे पैसे असूनही त्यांनी इमारतीला नटवलं नाही. ९९ मीटरचं धुराडं तसंच. ते नदीपलीकडच्या सेंट पॉलच्या घुमटापेक्षा मुद्दाम बुटकं बांधलेलं. वरची क्रेन तशीच. तळघरातल्या तेलाच्या गोल टाक्यांत २०१२ पासून नाच, नाट्य, फिल्म असले प्रकार चालतात. आणि एका भागात वीज कंपनीचं उपकेंद्र दालन सुरू झाल्यावरही चालूच होतं.

आत जायला पैसे नाहीत. खास प्रदर्शनांना तिकीट, बाकी फुकट. पश्चिमेच्या दारातून उताराचा रस्ता थेट टर्बाइन हॉलमध्ये उतरतो. जिथं जनित्रं होती तो हा हॉल, सुमारे १५० मीटर लांब न् ३५ मीटर उंच. दरवर्षी एका कलाकाराला सांगतात, भर हा खड्डा. मी गेलो तेव्हा एल अनात्सुई यांचं काम लागलेलं होतं. जन्म घानाचा, मुक्काम नायजेरियात. दारूच्या बाटल्यांची झाकणं चेपून, कापून, तांब्याच्या तारेनं एकमेकांत गुंफून केलेले प्रचंड पडदे. पहिला लाल, शिडासारखा फुगलेला. लांबून रेशीम वाटतं, जवळ गेलं की कंपन्यांची नावं वाचता येतात. साखर, त्यातून रम, त्या व्यापारात जहाजांवर लादलेली माणसं, असा त्याचा धागा. हेन्री टेट हे दालनाचे मूळ पुरुष साखरेचेच व्यापारी, म्हणजे बाण घरातच मारलेला. (वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. तरी एवढी झाकणं जमवायला आमच्या गावाला एक दिवाळी पुरेल.)

आता मला जे खटकलं ते. जिथं माणसं पाळी-पाळीनं घामेजली, तिथल्या भिंतीवर त्यांचं काय आहे? मी शोधलं. वास्तुकारांची नावं आहेत, देणगीदारांची तर ठसठशीत आहेत. बॉयलरवाल्यांचं मला ठळकपणे कुठं दिसलं नाही.

आणि हे बघताना डोक्यात सतत आपली जिनं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचे कारखाने. तालुक्याच्या गावचं एक सहकारी जिनिंग-प्रेसिंग कधीचं बंद आहे. लांबच लांब शेड, लोखंडी कैच्या, शाफ्टची भुयारं, काट्याची खोली. असली एक तरी शेड विदर्भाच्या प्रत्येक कापूसवाल्या तालुक्यात सापडेल. तिथं असं काही होऊ शकेल का? आणि झालं तर त्यात काय असावं? बोला.

पुणेरी उपरणं

लेख आवडला. प्रश्न भाबडा वाटला. टेटच्या मागे लंडन आहे. तालुक्याच्या गावी समकालीन कला बघायला कोण येणार? उद्घाटनाला आमदार, दुसऱ्या दिवशी कुलूप. त्या पैशात वाचनालयाचं छप्पर करा.

नागपुरी तर्री

उपरणेबुवा, समकालीन कला बघायला नागपुरात लाखो माणसं रस्त्यावर येतात, तेही दरवर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. काळी मारबत, पिवळी मारबत यांचे पुतळे १८८० च्या दशकापासून निघताहेत. त्यांच्यासोबतचे बडगे तर दर साली नवे. महागाई, भ्रष्टाचार, पेट्रोल, ज्या साली जो बोकांडी बसला असेल त्याचा पुतळा. कागद, बांबू, चिंध्या, वर झणझणीत फलक. दिवसभर मिरवायचं आणि संध्याकाळी जाळायचं. हेच एखाद्या दाढीवाल्यानं लंडनला केलं असतं तर पाटी लागली असती, 'मिश्र माध्यम, आकार परिवर्तनीय'.

सर, एक पुरवणी. चित्रकार वासुदेव गायतोंडे जन्माने नागपूरचे, १९२४ चे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आमच्या कॉलनीत दहा जणांना विचारा गायतोंडे कोण. अकरावा येऊन विचारेल, प्लॉट कुठं आहे त्यायचा?

पऱ्हाटी

सर, तुमी हॉलची लांबी लिवली, उंची लिवली, पण आवाज नाही लिवला. तिथं चूप असन, म्हून.

माह्या मायनं जिनात लय वर्षं काढली. शाळा सुटली का मी डबा घेऊन जाओ. दोन्ही आंगाले मशिनी लायनीत, एकेका मशीनपाशी एकेक बाई. हातानं कापूस टाकत राहाचा, समोरून रुई निंगे, खाली सरकी पडे. पट्ट्याच्या आवाजात बोलनं आयकू येत नसे, तं बाया हातानं बोलत. मायचं न् तिच्या मैतरणीचं अख्खं भांडन मी हातानं पाह्यलं हाय. घरी बी माय जोऱ्यानंच बोले. पावन्याइले वाटे रागावली.

केसाचा तर लय जाच. रुईत एक केस निंगाला तं मुकादम अख्ख्या लायनीले बोलणार. डोक्याले फडकं बांधल्याबिगर आत नाही. सुतळीचा धागा नको, खर्ऱ्याची पन्नी नको, केस नको. आन् सांजेले घरी आली का केसात रुईच रुई. कापसात बाईचा केस चालत नाही, बाईच्या केसात कापूस चालते.

गॅलरी कराची असन तं करा. पण त्या बायाइले पयले बलावजा. त्यायच्यातल्या काही आजून हायत.

खडूफळा

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून एक काम आठवलं, सांगायलाच हवं. बंगळूरच्या शीला गौडा यांचं 'बिहोल्ड' हे २००९ चं काम टेटच्या संग्रहात आहे. देवळात वाहिलेल्या केसांचे वळलेले दोर, हजारो मीटर, आणि त्या दोरांना लटकवलेले मोटारींचे लोखंडी बंपर. कर्नाटकात गाडीला नजर लागू नये म्हणून बंपरला केसांचा दोर बांधतात. आपल्याकडे लिंबू-मिरची न् काळी बाहुली, तसं. एवढं जड लोखंड केसांवर तोललेलं. त्यावर इंग्रजीत पानंच्या पानं लिहिलेली असतील. तुमचं ते 'कापसात केस चालत नाही' वालं वाक्य त्यातल्या कशालाही भारी आहे.

पऱ्हाटी

दोर हातानं वळला का मशिनीनं?

खडूफळा

हातानं.

पऱ्हाटी

मंग ठीक.

दवाखानावाली

पऱ्हाटीताईंनी आवाज लिहिला, मी धूळ लिहिते. ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं परिचारिका आहे. कापसाच्या धुळीनं फुप्फुसाचा जो आजार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीची खूण गमतीशीर वाटेल अशी: सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, दम लागतो, पुढच्या दिवसांत कमी होतं. म्हणून त्याला सोमवारचा ताप असं नाव पडलं. मग हळूहळू रोजच, आणि शेवटी काम सुटलं तरी दमा सुटत नाही. कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हे नाव आहे. पण आमच्याकडे आलेल्या म्हाताऱ्या बाया 'दमा' सांगतात, केसपेपरवर दमाच पडतो. जिनात होत्या का, हे विचारायला ओपीडीच्या रांगेत फुरसत कुणाला?

सरांच्या त्या टर्बाइन हॉलचाच एक किस्सा माझ्या भाच्यानं सांगितला होता, तो कला शिकतो. २०१० मध्ये चीनच्या आय वेवे यांनी तिथं चिनीमातीच्या १० कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. प्रत्येक बी कारागिरांनी हातानं रंगवलेली. लोकांनी त्यावर चालावं, बसावं, बिया हातात घ्याव्यात असं ठरलेलं. काही दिवसांतच चालणं बंद केलं, कारण पायांखाली बिया घासून बारीक धूळ उडायला लागली आणि ती छातीला वाईट.

योग्यच केलं. मला हेवा वाटला एवढंच. प्रेक्षकांच्या छातीसाठी काही दिवसांत दोरी बांधली गेली.

नागपुरी तर्री

हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो ताई. खाली हरवेल.

उत्तरउजेड

वास्तुविशारद आहे, यवतमाळला असतो. भावना बाजूला ठेवून थोडं कोरडं बोलतो.

पहिली चांगली बातमी. जुन्या सूतगिरण्यांची दातेरी छपरं पाहिली असतील. त्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून असतात. आपल्या गोलार्धात उत्तरेकडून थेट ऊन जवळपास येत नाही, येतो तो सारखा, सावली न पाडणारा उजेड. तुटलेला धागा दिसायला तोच लागतो आणि चित्रकाराच्या खोलीलाही तोच लागतो. त्यामुळे कारखाने न् दालनं यांचं जमतं त्यात आश्चर्य नाही. न्यूयॉर्क राज्यात डिया बीकन नावाचं दालन आहे, १९२९ ची बिस्किट कंपनीची खोकी छापण्याची फॅक्टरी, २००३ पासून दालन. दिवसा बहुतेक सगळं वरच्या काचांतून आलेल्या उजेडातच बघायचं. केपटाऊनला धान्याची कोठारं कापून २०१७ मध्ये झाइट्झ म्युझियम केलं, काँक्रीटच्या ४२ नळकांड्या आतून कोरून काढल्या. बघण्यासारखं आहे, पण तो पैशांचा खेळ.

आता वाईट. जिनिंगच्या शेडला बहुतेक वेळा दातेरी छप्पर नसतं, साधी उतरती पत्र्याची पाखी असते. मे महिन्यात बाहेर ४५-४६ तर पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. कागदावरची चित्रं, जलरंग, कापड यांना ५० लक्सच्या वर उजेड देऊ नये असा संग्रहालयांचा दंडक. आपल्या उघड्या शेडमध्ये दुपारी त्याच्या कितीतरी पट असतो. मग पावसाळ्यात ओल, उधई, वटवाघळं. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ते फोडायला स्वस्तातला माणूस लावू नका, पुन्हा धुळीचाच प्रश्न. म्हणजे तैलचित्रं टांगायचं स्वप्न सोडा. लोखंड, माती, दगड, आवाज, आणि जे एका मोसमात मरणार आहे हे मान्य आहे असं काम, एवढंच तिथं जगेल. मला विचाराल तर त्यात तोटा नाही. मारबत कुठं वातानुकूलित असते?

सातबारा

सगळे आभाळात गेले म्हणून जमिनीवर आणतो. असल्या संस्था अवसायनात, म्हणजे गुंडाळायला काढलेल्या असतात. मालक म्हणजे अवसायक. जमिनीवर बँकेचा बोजा. कामगारांची देणी बाकी, ते कोर्टात. गाव वाढत वाढत जिनिंगला येऊन भिडलेलं, त्यामुळे जागेला सोन्याचा भाव. वीस-तीस वर्षं कुणाला त्या शेडची आठवण येत नाही, आणि तुम्ही 'कला' म्हणालात की दुसऱ्या दिवशी लेआउटवाल्याची गाडी दारात. इमारत चांगली की वाईट हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी कागद काढा.

मूळ रोग वेगळाच आहे. १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, राज्यात कापूस एकाच दारात जायचा, तेव्हा सहकारी जिनांना काम मिळत होतं. योजना गेली. दरम्यान २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, आपोआप कापूस भरणारी यंत्रं, स्वच्छ रुई, आधुनिकीकरणाला अनुदान. ज्यांनी भांडवल उभं केलं त्यांची नवी जिनं रस्त्याकडेला उभी राहिली. जुन्यांना ते जमलं नाही. लंडनला तेल महागलं, इथं हे.

गिरणीचा भोंगा

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून ते नाव. आज त्या जागेवर मॉल आहे आणि नाव तेवढं उरलंय. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचं तेच झालं. पुणेरी उपरण्यांना कोण येणार याची चिंता आहे. मॉलला सगळे जातात, ते चालतं.

पुणेरी उपरणं

भोंगाराव, मॉलला जातात कारण तिथं एसी आहे. तरी, दवाखानावाली आणि पऱ्हाटी यांचे प्रतिसाद वाचल्यावर माझ्या वाचनालयाच्या छपराचा आग्रह थोडा सैल करतो. थोडाच.

अंबानगरीकर

मूळ अमरावतीचा, सध्या अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला. माझ्या घरापासून गाडीनं जाता येईल अशा अंतरावर नॉर्थ ॲडम्स नावाचं गाव आहे, वस्ती आपल्या एखाद्या छोट्या तालुक्याच्या ठिकाणाएवढीसुद्धा नसेल. आधी कापड छपाईचा कारखाना, नंतर त्याच इमारतींत विजेचे सुटे भाग. अर्धं गाव तिथंच कामाला. १९८५ ला ते बंद झालं आणि गाव बसलं. १९९९ मध्ये त्या विटांच्या इमारतींत मास मोका नावाचं दालन निघालं. म्हणजे 'मागे लंडन पाहिजे' असं काही नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. दालन चाललं, नावाजलं, बाहेरून लोक येतात. गावच्या जुन्या माणसांशी बोला, ते म्हणतात कारखान्यानं जेवढ्या हातांना काम दिलं त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही. कॉफीची दुकानं वाढली, घरभाडी वाढली. कारखान्याची जागा दालन घेतं असं कुणी सांगू लागलं तर खुशाल हसा.

तिथलं मला आवडलेलं मात्र सरांच्या कामाचं आहे. सोल लेविट यांची १०५ भित्तिचित्रं एका अख्ख्या इमारतीत आहेत. कलाकार २००७ ला वारले, चित्रं २००८ ला पुरी झाली. कारण हा माणूस चित्र काढायचाच नाही, सूचना लिहायचा. अमुक भिंतीवर अमुक कोनातून इतक्या रेघा, अमुक रंग, की झालं. रेघा ओढल्या विद्यार्थ्यांनी न् शिकाऊंनी. ज्या गावातल्या पोरांना ठिपक्यांची रांगोळी येते त्यांना हे शिकवावं लागेल का?

कोचीवारी

भारतातलंच उदाहरण राहिलं. कोचीला २०१२ पासून द्वैवार्षिक कलाप्रदर्शन भरतं. पहिल्या काही वेळांची मुख्य जागा ॲस्पिनवॉल हाउस, मिरी-सुंठ-काथ्याच्या व्यापाऱ्यांची समुद्रावरची जुनी वखार. भिंतींचे पापुद्रे तसेच ठेवतात, फार सजवत नाहीत. २०१६ च्या वेळी चिलीचे कवी राउल झुरिता यांनी एका लांबलचक गोदामात गुडघ्याखालपर्यंत समुद्राचं पाणी भरलं होतं. पाण्यातून चालत पलीकडच्या भिंतीवरची कविता वाचायला जायचं. समुद्रात बुडून गेलेल्या स्थलांतरितांवर होती. माझ्यापुढे लुंगी वर खोचलेला एक रिक्षावाला होता, तो दोनदा गेला आणि आला. पाटी त्यानं वाचली नाही. त्याला समजावून सांगायला कुणी लागलं नाही.

एवढंच, की तिथं राज्य सरकारनं पहिल्यापासून पैसे घातले. नुसत्या हौशीनं एवढं उभं राहत नाही.

शकुंतलाप्रेमी

जिनंच काहून? मूर्तिजापूर-यवतमाळ न् मूर्तिजापूर-अचलपूर, शकुंतला रेल्वेची टेशनं पाहा. वऱ्हाडातला कापूस काढाले इंग्रजाइनं टाकलेली लाइन. मँचेस्टरले बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत वढत होतं. टेशनाच्या दगडी खोल्या ओसाड पडल्या. तिथं एक-एक चित्र लावा, गाडीनं पाहत जाऊ. (गाडी चालू झाल्यावर.)

नागपुरी तर्री

कंसातलं वाक्य गॅलरीत लावा.

झाडीवाला

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे कापूस नाही, धान. बंद पडलेल्या राईस मिलही आहेत. पण आमच्याकडे दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांना रात्र-रात्र लोक बसतात, तिकीट काढून. मंडप शेतात. इमारत लागतेच का, हा माझा प्रश्न. उत्तराची घाई नाही.

खडूफळा

लागते का? झाडीवाले, चांगला कोपरा दाबलात. नाटकाला नाही लागत. पण पऱ्हाटीताईंच्या आईनं ज्या जागी उभं राहून हातानं भांडण केलं, ती जागा शेतातल्या मंडपात आणता येत नाही. भुयारात शाफ्ट अजून आहे, खांबांवर पट्टा घासून झालेले चट्टे आहेत. टेटमध्ये मला नेमकं हेच कमी पडलं होतं. यंत्रं काढून टाकल्यावर हॉल मोठा दिसतो, त्यात माणूस कुठं उभा राहत होता ते कळत नाही. आपल्याकडे अजून कळतं, आणि सांगणारी माणसंही आहेत.

सातबारा यांचं ऐकून जिनिंगच्या जमिनीचा नाद तूर्त सोडतो. कागद काढायला एका वकील विद्यार्थ्याला सांगितलंय, निघतील तेव्हा निघतील. तोवर दुसरी वाट. बाजार समितीची लिलावाची शेड दसऱ्यापर्यंत रिकामीच असते, कापूस त्यानंतर येतो. तान्हा पोळा तिथंच भरतो. लाकडी नंदी घेऊन पोरं, पोरांमागे आया, आयांमागे फुगेवाला, असं अख्खं गाव त्या दिवशी येतंच. प्रेक्षक कुठून आणायचे हा उपरणेबुवांचा प्रश्न मिटला.

शेडची मागची भिंत लांब आहे, चुना मारून देतो म्हणाले. अंबानगरीकरांनी सांगितलेली रीत उचलतो, पण सूचना लेविटच्या नाही. जिनात काम केलेल्या बायांना बोलावून विचारायचं, हात कसा चालायचा? उजव्या हातानं उचल, डावीकडं टाक, किती उंच, किती वेळा. त्या सांगतील तसं शाळेच्या पोरींनी कोळशानं भिंतीवर ओढायचं, एका बाईच्या एका पाळीचं एक चित्र. भिंत भरली की भरली. पाऊस आला की धुऊन जाईल, उत्तरउजेड यांच्या अटीत बसतं. आवाजाचं काय करावं ते सुचत नाहीये. नवीन जिनातला आवाज टेप करून लावणं मला खोटं वाटतं.

दवाखानावाली, तुम्ही त्या दिवशी एक टेबल टाकून बसाल का? फुंकून बघायचं ते यंत्र असतं ना तुमच्याकडे?

दवाखानावाली

पीक फ्लो मीटर. साधं असतं, माझं स्वतःचं आहे. बसते. पण ते कलाकृती म्हणून मांडू नका, खरोखर तपासायचं असेल तरच. आणि ज्यांचा आकडा कमी येईल त्यांना पुढं जिल्हा रुग्णालयात न्यायला त्याच दिवशी गाडीचं ठरवून ठेवा. नाहीतर नुसतं घाबरवून सोडल्यासारखं होतं.

पऱ्हाटी

मायले विचारलं. म्हणे, येतो, पण भितीवर माहं नाव लिवजा, मुकादमाचं नाही. आन् आवाज टेप नका लावू. ती म्हणे आमी चार जनी उभ्या राहू न् हातानं बोलू, समजन त्याले समजन.

सातबारा

गाडीचे पैसे माझ्याकडे लागले. बाजार समितीच्या सचिवांच्या नावे अर्ज आत्ताच द्या, पोच घ्या, तोंडी परवानगीवर जाऊ नका.

जुना फिटर

रोमात (नुसता वाचत) असतो, आज पहिल्यांदा लिहितो. त्या शेडच्या पत्र्याचं काम मी केलं आहे. मागच्या भिंतीच्या पूर्वेकडच्या टोकाला पन्हाळ फुटलेली आहे, तिथून वरूनच पाणी उतरतं, चुना धरणार नाही. पोळ्याला पाऊस असतोच. पोरींना पश्चिमेकडून सुरुवात करायला सांगा आणि शेवटचे तीन गाळे सोडून द्या. शिडी माझी आणतो, समितीची हलते.